मोतद्दार, किन्नर आणि मोटार धुण्याची विद्या



माधवराव रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे वसंत ऋतू आणि व्याख्यान यांची सांगड पडली आहे. या व्यासपीठांवरून राज्यांचे उदयास्त सांगून झाले, संतांचे अभंग उलगडून झाले, अर्थकारणही झाले. मी मोटार धुण्यावर बोलणार आहे. विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेत कोणी हसले, ते मी पाहिले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. ज्या कामाला शिक्षण लागत नाही अशी आपली समजूत असते, त्या कामाला इतिहास असतो हे सहसा मनात येत नाही. परंतु एखादे काम अमुकच क्रमाने करायचे, आधी हे आणि मग ते, असे जेव्हा ठरते, तेव्हा तो क्रम कोणीतरी चुका करून, मार खाऊन, हात भाजून ठरवलेला असतो. मोटार धुण्याचा जो क्रम आज आहे तो कोणाच्या हातांनी ठरवला आणि त्यातून वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, एवढेच मला आज सांगायचे आहे.

गोष्ट सुरू होते ती घोड्यापासून. आपला सातारा छत्रपतींच्या गादीचा. सांगली, मिरजेच्या दोन पात्या, जत, औंध, फलटण ही संस्थाने आसपास. या सगळ्यांच्या पागा होत्या. शिलेदाराचे घोडे स्वतःचे, बारगिराचे घोडे सरकारचे, हा भेद शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. पण घोडे कोणाचेही असो, त्याला खरारा करणारा मोतद्दार लागेच. बखरींत सरदारांची नावे येतात, नामांकित घोड्यांचीही येतात. मोतद्दाराचे नाव शोधत बसावे लागते.

खरारा हे नुसते घासणे नव्हे. त्याला क्रम आहे. घोडे दौडून आले, अंगावर घाम आहे, तर लगेच पाणी मारायचे नाही. आधी फिरवायचे, निववायचे. मग मानेकडून सुरुवात करून शेपटीकडे जायचे. आधी खराऱ्याने मळ सुटा करायचा, मग ब्रशाने तो झटकायचा, शेवटी फडक्याने अंग पुसून चकाकी आणायची. डोळे-नाकपुड्या पुसायचे फडके वेगळे, पाय पुसायचे वेगळे. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढे हाच क्रम चार चाकांवर चढून बसणार आहे.

घोड्याच्या मागे बग्गी आली. संस्थानिकांच्या आणि इंग्रज कलेक्टरांच्या बग्ग्यांवर तेलाचे व्हार्निश असे. एकावर एक हात देऊन, प्रत्येक हात वाळवून, रंगकाम पुरे व्हायला आठवडेच्या आठवडे लागत. असे नाजूक व्हार्निश जपायचे म्हणून बग्गीखान्याचे नियम झाले. बग्गी तबेल्याला लागून ठेवायची नाही, कारण घोड्याच्या मुतातून निघणाऱ्या अमोनियाने व्हार्निश मरते. चिखल वाळू द्यायचा नाही. उन्हात धुवायची नाही. चाके आधी धुवायची, आणि ती आंसाखाली घोडी लावून, चाक अधांतरी फिरवत धुवायची. अंगावर आधी पाणी नुसते सोडायचे, मळ भिजून सुटला की मगच स्पंज लावायचा. आणि शेवटी मऊ कमावलेल्या कातड्याने पाणी टिपून घ्यायचे. आज गाडी धुण्याचे धडे मोठ्या रकमा घेऊन शिकवले जातात, त्यांतले निम्मे या नियमांत आले.

१८९८ साली मुंबईत मोटारी आल्या. पुढच्या दहा-वीस वर्षांत त्या घाट चढून आपल्याकडे पोचल्या. संस्थानांत पागेशेजारी मोटारखाने उभे राहिले आणि पागेतला माणूस हळूहळू मोटारखान्यात गेला. फ्रेंच भाषेत चालकाला शोफर म्हणतात, त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा. आपल्याकडे ज्याने गाडी पुसायची त्याला क्लीनर हा इंग्रजी शब्द लागला आणि आपल्या लोकांनी तो वळणावर आणून त्याचा किन्नर केला. पुराणातले किन्नर देवांच्या दरबारात गातात. आमचा किन्नर ट्रकच्या फाळक्याला लोंबकळत “येऊ द्या, येऊ द्या” असे ओरडतो. गाणे म्हणायचे तर तेच.

त्या पहिल्या मोटारींवर किन्नराला काम काय होते? पुढे उभे राहून हँडल मारणे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. दिवे कार्बाइडचे, पाणी आणि कार्बाइड यांच्या गॅसवर जळत. रोज ती राख काढून दिवा साफ करायचा. दिव्यांची आणि रेडिएटरची पितळ घासायची, आणि पितळ म्हटले की आपल्याकडे चिंच आलीच. वाठार स्टेशनावरून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असा महाबळेश्वरचा रस्ता. उन्हाळ्यात मुंबईचा गव्हर्नर आणि त्यामागून शेठसावकार या रस्त्याने वर जात. वरची माती जांभ्याची, लाल. तिची धूळ बोनेटवर बसली की कोरड्या फडक्याने पुसायचा मोह होतो, आणि पुसले की त्या लाल कचाने व्हार्निशवर ओरखडे उठतात. खाली कृष्णाकाठी उलट तऱ्हा. सांगली-मिरजेकडची काळी माती पावसात चाकाला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. तिला भिजवावे लागते, थांबावे लागते, ओरबाडून चालत नाही. एकाच जिल्ह्यातला माणूस सकाळी लाल धुळीतून आणि संध्याकाळी काळ्या चिखलातून गाडी आणी. त्याला धुण्याची विद्या शिकवायला पुस्तकाची गरज नव्हती; मातीनेच शिकवली.

१९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको नावाचा नवा रंग मोटारींवर आला. तो फवाऱ्याने मारत आणि झपाट्याने वाळे. आठवड्यांचे रंगकाम दिवसांवर आले आणि मोटारी रंगीबेरंगी झाल्या. पण या रंगाची चकाकी घासून आणावी लागे आणि ती टिकवायला मेण चढवावे लागे. ब्राझीलमध्ये एक ताडाचे झाड आहे, त्याच्या पानांवर कार्नोबा नावाचे कठीण मेण धरते. ते मेण डबीत घालून जगभर विकले गेले. धुणे आणि पुसणे या दोन कामांना तिसरे काम जोडले गेले, ते मेण चोळण्याचे. माणूस मात्र तोच राहिला.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि मोटारी कोळशावर धावू लागल्या. गाडीच्या मागे लोखंडी भट्टी. तीत कोळसा धुमसत ठेवून निघालेला वायू इंजिनाला द्यायचा. गाडी सुटण्याच्या कितीतरी आधी उठून किन्नराने भट्टी पेटवायची, पंखा हाताने फिरवायचा, गाळण्या साफ करायच्या, रात्री राख काढायची. तो वायू विषारी. जुन्या लोकांच्या तोंडी कोळशाच्या मोटारीच्या गमती पुष्कळ आहेत, उतारू उतरून चढावर ढकलत वगैरे. भट्टीशी उभ्या असलेल्या पोराच्या खोकल्याची गंमत कोणी सांगत नाही.

युद्ध संपले, संस्थाने १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पहिली एस. टी. गेली. तिचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे आज सर्वत्र छापून येतात आणि ती यायलाच हवीत. आदल्या रात्री ती गाडी धुऊन पुसून उभी करणाऱ्या हातांची नावे मात्र त्या मजकुरात नसतात. एस. टी.ने खासगी मोटारवाल्यांची एक रीत मोडली. खासगी गाडीवर चालकाबरोबर किन्नर असे, एस. टी.च्या गाडीवर चालक आणि वाहक, दोघेच. धुण्याचे काम गाडीवरून उतरून डेपोत गेले. हा बदल छोटा नव्हता. गाडीबरोबर रात्रंदिवस फिरणारे, गाडीतच झोपणारे पोर जाऊन त्या जागी पाळीवर येणारा आणि पाळी संपली की घरी जाणारा कामगार आला. माझ्या मते एस. टी.ने केलेल्या उपकारांत हा एक मोठा उपकार आहे. पण ट्रकवरचा किन्नर ट्रकवरच राहिला.

त्या किन्नरांत मी होतो. १९८५ साली, पंधराव्या वर्षी, मी कराडला एका ट्रकवर चढलो. मालकाचे नाव सांगत नाही, त्याचे कारण पुढे येईल. ट्रक सांगलीच्या पेठेतून हळद आणि गूळ भरून मुंबईकडे जाई. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने फडके घेऊन दर्शनी काच पुसायला लागलो. वस्तादांनी मागून येऊन फडके ओढून घेतले. म्हणाले, “ए बाळा, धूळ पुसायची नसती. भिजवायची असती. ही काय तुझ्या आईची चूल हाय व्हय, पोतेरं फिरवायला?” त्यानंतर त्यांनी मला जो क्रम शिकवला, तो मी आजही विसरलो नाही.

गाडी सावलीत लावायची आणि बोनेटवर हात ठेवून पाहायचे. हात ठेववत नसेल तर बिडी ओढून घ्यायची. तापल्या पत्र्यावर पाणी टाकले तर ते जागच्या जागी आटते, क्षाराचे डाग पडतात. तापल्या काचेवर टाकले तर काच तडकते. घामेजलेल्या घोड्याला पाणी मारू नये, तेच हे. वस्तादांचे आजोबा घोड्याचे काम करीत होते की नाही मी कधी विचारले नाही, पण नियम तोच होता.

मग आतला केर. केबिन आणि हौदा आधी झाडून घ्यायचे, कारण आतली धूळ बाहेर येऊन ओल्या अंगावर बसली तर दुप्पट काम. हौद्यात हळद सांडलेली असेल तर पाण्याला शिवायचे नाही. कोरड्या खराट्याने शेवटचा कण काढायचा. मी एकदा सोड्याचे पाणी मारले आणि सगळा हौदा लालभडक झाला. वस्ताद हसून लोटपोट झाले. हळदीला सोडा किंवा चुना लागला की ती लाल होते, कुंकू असेच करतात, हे आपल्या घरातल्या बायकांना माहीत असते. मला ट्रकवर कळले. गुळाची तऱ्हा निराळी. तो खरवडत बसायचे नाही, गरम पाणी सोडायचे आणि विरघळू द्यायचा.

त्यानंतर चाके, मडगार्डची आतली बाजू आणि पाटे. हे आधी का? कारण तिथला चिखल उडून अंगावर येतो. अंग आधी धुतले तर दुसऱ्यांदा धुवावे लागते. नवशिका नेहमी दिसणाऱ्या भागापासून सुरुवात करतो, जाणता न दिसणाऱ्या भागापासून. चाके झाली की टपावर चढून वरून पाणी सोडायचे, नुसते पाणी, आणि थांबायचे. पाणी आणि वाट पाहणे या दोन गोष्टी निम्मा मळ काढतात. मग साबण, वरून खाली, टप, काचा, बोनेट, दारे. हात सरळ रेघेत चालवायचा, गोल नाही. गोल घासले की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वलये दिसतात. एका बाजूचा साबण धुऊन काढल्याशिवाय दुसऱ्या बाजूला लावायचा नाही, नाहीतर पहिला वाळून बसतो. पत्र्याचे डबे दोन: एकात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे. फडके आधी साध्या पाण्यात पिळून त्यातला कच खाली बसवायचा, मगच साबणात बुडवायचे. गुडघ्याच्या खालच्या भागाचे फडके वेगळे. ते चुकून वर गेले तर वस्तादांचा हातही वर जाई.

शेवटी पाणी टिपायचे, दारे उघडून बिजागऱ्यांतले पाणी झटकायचे आणि ग्रीस भरायचे. ग्रीस धुण्याच्या आधी नव्हे, नंतर, म्हणजे सांध्यांत शिरलेले पाणी बाहेर रेटले जाते. काचा सर्वांत शेवटी, वर्तमानपत्राच्या ओल्या कागदाने. आणि गाडी हलवली की पहिल्या शंभर पावलांत ब्रेक चार-पाच वेळा दाबून पाहायचा, कारण ओल्या ड्रमचा ब्रेक लागत नाही. हे शेवटचे कलम ज्याने शोधले, त्याने ते कसे शोधले असेल याचा विचार करवत नाही.

दोन माणसांना ट्रकला अडीच तास लागत. हा क्रम अंगवळणी पडल्यावर पावणेदोन तासांत होई. वाचलेल्या पाऊण तासात मी कृष्णेच्या घाटावर झोपत असे. गाड्या त्या काळी नदीतच धूत. कराडला, माहुलीला, सांगलीला घाटाच्या खाली ट्रक पाण्यात उभे असत, शेजारी म्हशी. नदीचे पाणी खराब करू नये असा कायदा १९७४ सालीच झालेला होता. तो आमच्यापर्यंत पोचला नव्हता. पाट्यांना मारलेले जळके ऑइल आणि डिझेल पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे तरंगे आणि मला ते सुंदर वाटे. आज लाज वाटते.

दुसरा एक कायदाही आमच्यापर्यंत पोचला नव्हता, आणि माझ्या पुढच्या आयुष्याचे वळण त्याच्याशी जोडलेले आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने भाडोत्री वाहनाच्या चालकाचे तास ठरवले होते: दिवसाला ९, आठवड्याला ५४. त्या कलमात किन्नर नव्हता. तो आला १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात. चालक, वाहक आणि क्लीनर असा त्याचा नावानिशी उल्लेख झाला. दिवसाचे ८ तास, आठवड्याचे ४८. पंधरा ते अठरा वर्षांच्या पोराला दिवसाला ६ तासच आणि रात्री १० ते सकाळी ६ काम मुळीच नाही. मी संघटनेच्या कामाला लागल्यावर सांगलीच्या एका वाचनालयात हा कायदा शब्दकोश शेजारी ठेवून वाचला, आणि ध्यानात आले की माझ्या किन्नरकीतली प्रत्येक रात्र या कलमाच्या विरुद्ध होती. पुढचे पान उलटले तर कळले की विरुद्ध नव्हती. कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. कमी माणसांच्या धंद्याला तो लावण्याची मुभा सरकारला होती, पण मुभा म्हणजे लागू नव्हे. आमच्या मालकाचे ट्रक दोन. दोन वस्ताद, दोन किन्नर. चार माणसे. पाचवा असता तर मला रात्री झोपायचा अधिकार होता. मालकाने कायदा मोडला नाही, म्हणून त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही.

याच कायद्यात गणवेशाचे एक कलम होते. गणवेश आणि रेनकोट चालकांना, वाहकांना आणि तपासनिसांना; आणि तो गणवेश धुण्यासाठी भत्ता, तोही त्यांनाच. दिवसभर पाण्यात आणि चिखलात उभा राहणारा जो क्लीनर, त्याचे नाव या कलमात नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. धुणाऱ्याचे कपडे मळतात, हे त्यांना सुचले नाही इतकेच. २०२० साली संसदेने कामाची सुरक्षितता, आरोग्य आणि परिस्थिती यांविषयीची नवी संहिता संमत केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९६१ चा कायदा तीत विरला. किन्नराचे नाव व्याख्येत राहिले. संख्या मात्र पाचाची दहा झाली. हिशोब आपणच करा: एका ट्रकला दोन माणसे धरली तर चार ट्रकांचा मालकही आता उंबऱ्याबाहेर.

आता थोडे आजचे. सातारा-सांगलीच्या मोठ्या रस्त्यांनी जाताना गाडी धुण्याच्या नव्या दुकानांच्या पाट्या दिसतात, त्यांवर डिटेलिंग असा शब्द असतो. मी त्याची थट्टा करणार नाही. काम बारीक आहे. आजच्या मोटारीवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. सगळे थर मिळून जाडी वहीच्या एक-दीड कागदाइतकी. एवढ्याशा जाडीवर यंत्राने घासून ओरखडे काढायचे म्हणजे हातात कसब लागते. केसाहून बारीक कृत्रिम धाग्यांची फडकी आली आहेत, ती कच आत ओढून घेतात. दोन बादल्यांची पद्धत म्हणून जिचे कौतुक होते, ती वस्तादांच्या दोन डब्यांचीच. ते असो. नवे म्हणावे असे जे आले आहे ते म्हणजे रसायने. चाकांवरचा काळा डाग झटकन जावा म्हणून तेजाब वापरतात, आणि त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते कातडीवर पडले तर सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत जाऊन हाडापर्यंत पोचते. बाटलीवर काय लिहिले आहे ते इंग्रजीत असते आणि बाटली पुष्कळदा दुसरीच असते, थंड पेयाची.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर सांगलीत शिरला तेव्हा मोटारी बुडाल्या. पाणी ओसरल्यावर त्यांतला गाळ काढणाऱ्या पोरांचे हात आणि पाय मी पाहिले आहेत. इंजिन सुरू करायचे नाही, बॅटरी आधी सोडायची, गाद्या उपसून गाळ ओला असतानाच काढायचा, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. काळ्या मातीने पुन्हा एकदा शिकवले.

आता शेवटचा प्रसंग. दोन जिल्ह्यांत कोठेतरी असलेल्या एका धुलाई केंद्रात काही वर्षांपूर्वी तंटा झाला. तिथे अकरा पोरे होती. एक मोटार धुऊन, आतून बाहेरून पुसून द्यायला त्यांना पन्नास मिनिटे लागत आणि दिवसाला दोघांच्या जोडीने आठ गाड्या कराव्या, असे ठरलेले होते. पोरांनी आपसांत क्रम बसवला. एकाने आत झाडायचे तोवर दुसऱ्याने चाके करायची. पाणी भिजत असताना त्याने काचेचे कागद तयार ठेवायचे. कोणी कोणाच्या आडवे यायचे नाही, बादलीसाठी फेरी मारायची नाही. पस्तीस मिनिटांत गाडी होऊ लागली. वाचलेल्या वेळात ती जेवत, पाठ टेकत. मालकाने हे पाहिले. त्याने कोणा हुशार माणसाकडून त्यांच्याच क्रमाचा तक्ता करून घेतला, प्रत्येक पायरीसमोर मिनिटे लिहिली, तक्ता भिंतीला लावला आणि आठाच्या बारा गाड्या केल्या. पगार तोच.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर म्हणून एक इंजिनियर होऊन गेला. कामाचे तुकडे पाडून घड्याळ लावण्याचे शास्त्र त्याने १९११ साली पुस्तकरूपाने मांडले. बेथलेहेमच्या कारखान्यात माणसे दिवसाला १२.५ टन लोखंडाच्या लाद्या उचलून गाडीत भरीत. त्याने त्याच माणसाकडून ४७ टन भरून घेतले. मजुरी १ डॉलर १५ सेंटची १ डॉलर ८५ सेंट झाली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. आम्ही कामगारवाले टेलरला शिव्या देत आलो, पण मालकासमोर बसल्यावर मी टेलरचीच साक्ष काढली. म्हटले, साहेब, टेलरनेसुद्धा काहीतरी वाढवले होते. आणि त्याने निदान क्रम स्वतः शोधला होता. तुमचा तक्ता या पोरांचा आहे.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर कर्ज होते, शेजारी दुसरे दुकान निघाले होते. चार बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीआधी दोन पोरे काम सोडून पुण्याला गेली आणि आमची बाजू लंगडी पडली. शेवटी दिवसाला दहा गाड्या ठरल्या. अकराव्या-बाराव्या गाडीचे पैसे वेगळे. गमबूट आणि हातमोजे मालकाने द्यायचे. चाकांचे तेजाब बंद. बारा गाड्यांचा पूर्ण मोबदला आम्हाला मिळवता आला नाही, हे मी इथे कबूल करतो. दोघे गेले नसते तर कदाचित मिळाला असता.

तडजोड लिहून झाल्यावर पोरांतला सर्वांत लहान जो होता, त्याने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “यात एक पायरी राहिलीय.” मालकाने विचारले कोणती. पोराने तक्ता काढून घेतला, खाली कोऱ्या जागेत पेनाने ओळ लिहिली आणि पुन्हा भिंतीला लावला. शेवटची गाडी झाल्यावर साबणाने हात-पाय धुणे, दहा मिनिटे, कामाच्या वेळेत. मालकाने ती ओळ दोनदा वाचली आणि तिच्यासमोर सही केली.